धाकटीकडे गेलेला काटा

आये, आज सगळ्यात आधी कोण टपकली असेल, सांग बघू? तुझी धाकटी. माझी चहाची भांडी अजून मोरीत, केस मोकळे, आणि दारात आधी तिचा आवाज आला, मग पावडरीचा वास आला, मग ती आली. अंधेरीहून मुलुंडला यायचं तर माणूस घामाघूम होतं, पण ती अशी उभी की जणू शेजारच्या खोलीतून साखर मागायला आली आहे. मागून तिची सून. सुनेच्या हातात जुन्या लुगड्यात बांधलेलं बोचकं, आणि ते जड होतं, कारण ती पोर सारखी हात बदलत होती. मी बोलावलं नव्हतं हो कुणाला. बोलावलं माझ्या नातीने. खालच्या वाण्याकडे जाऊन फोन केला हिने, "मावशीआजी, या ना, मी मासळीबाजारात ओट्यावर बसणार आहे." माझ्या घरातली बातमी, मी पोटात धरून ठेवलेली, सणासुदीला सगळ्यांना सांगेन म्हणून, ती आधी पोहोचली अंधेरीला. झालं, आल्या दोघी.

तुला आधी नातीचं सांगते, म्हणजे तुलाही बरं वाटेल. माझ्या मुलाची थोरली, दहावी झाली, टायपिंगची परीक्षा दिली, दोन्ही हातांनी टकाटक यंत्र वाजवते. मुलगा गिरणी बंद पडल्यापासून रिक्षा चालवतो, त्याला वाटायचं पोरगी कुठेतरी पंख्याखाली बसेल. पोरगी हापिसांच्या दारात जाऊन आली, चार ठिकाणी नंतर कळवतो म्हणाले, कुणीच कळवलं नाही. तर एक दिवस माझ्यासमोर बसून मला म्हणते, "आजी, तुझे गुडघे गेले. ओटा दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा मी बसते ना. नारळी पौर्णिमा झाली की." आये, मी तोंडावर पदर घेतला. रडायला नव्हे गं, हसू लपवायला. तुझा ओटा, मग माझा, माझी सून काही बसली नाही, तिला वासाने मळमळतं, मला वाटलं होतं संपलं आता. तर ही. नाकात चमकी घालून, हातात घड्याळ बांधून बसणार आहे. "सुरमई झकास आहे, घेऊन जा काकी," असं आत्तापासून आरशात बघून म्हणते. मी एवढी हरखले आहे की श्रावण असून, माशाचा तुकडा घरात नसून, माझं पोट भरलेलं आहे.

पण तिची पहिली मागणी काय, तर काटा. "आजी, आपल्याकडे काटा का नाही? बाजूच्या मावशीचा किती दिवस मागणार?" खरंच आहे. आपण वाट्याने विकणारी माणसं. नजरेने वाटा लावायचा, गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की वर एक बांगडा चढवायचा, त्याने हसायचं, आपण हसायचं. आता रेल्वेच्या पलीकडे इमारती उठल्या आहेत ना, तिथल्या बायका येतात, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पहिला शब्द, "किलो कसा दिला?" वाट्याकडे बघतही नाहीत. वाट्याला डोळे लागतात, किलोला डोळे नको असतात, काटा बोलेल ते ऐकायचं. मी इतकी वर्षं बाजूच्या ओट्यावरच्या बाईचा काटा मागून भागवलं. ती देते, पण देताना मानेला जो झटका देते ना, तो मलाच माहीत. आणि माझ्याकडे का नव्हता? कारण तुझा काटा धाकटीकडे गेला. हे मी नातीला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला सांगते आहे, आणि तूच तर तो द्यायला लावला होतास, असं मी आज सकाळपर्यंत धरून चालले होते.

तो काटा घ्यायला आपण गेलो तो दिवस तुला आठवतो का? मी परकरात होते. घाटकोपरला, त्या गुजरात्याच्या दुकानात. एका खानावळवाल्याने तुला रोजची सुरमई लावली होती आणि तो म्हणाला होता, मला तोलून पाहिजे, वाट्याबिट्याचं आपल्याला कळत नाही. तू चालत नेलंस मला, उन्हातनं, माझ्या डोक्यावर टोपली, तुझ्या कमरेला बटवा. धाकटी घरी, कारण तिला ऊन सोसत नाही. दुकानात काटेच काटे टांगलेले. स्प्रिंगच्या कमानीचे, हुकाचे, पितळी पारड्यांचे, सोनाराचे एवढेसे. मला वाटलं तू चकचकीत बघून घेशील. तू तर एकेकाला हात लावतेस आणि सोडून देतेस. सुतळीने बांधलेलं पारडं बघून म्हणालीस, "सुतळी पाणी पिता. ज्या बाजूक मासो, ती बाजू भिजता, मगे सुतळीचाच वजन गिऱ्हाइकाच्या माथ्यार." कमानीचा काटा ओढून बघितलास आणि म्हणालीस, मिठाचं पाणी लागलं की ही कमान गंजणार, एखादी मोठी मुशी टांगली की सैल पडणार, आणि सैल पडली की कुणाला सांगायलाही येणार नाही. उरला तो दांडीचा, साखळीचा, दोन पितळी पारड्यांचा. तो तू हातात धरलास, रिकामा. आणि उभी राहिलीस. गुजराती म्हणतो, "बाई, काय तरी ठेव ना त्यात, रिकामा काय बघते?" तू त्याच्याकडे न बघता मला म्हणालीस, "बघून ठेव गो. रिकामो आसताना जो खोटा बोलता, तो भरल्यार काय खरा बोलतलो?" ते वाक्य मी आजपर्यंत माणसांनाही लावते. आमच्या चाळीच्या सेक्रेटरीला तर रोज लावते.

मग तू टोपलीतनं पानात गुंडाळलेला बांगडा काढलास. आये, त्या माणसाचं तोंड! तो गादीवरून उठून उभाच राहिला. "अरे बाई, आ काय काढला! देव हाय माझा दुकानात! बाहेर, बाहेर!" तू म्हणालीस, "मी मासे तोलूक काटो घेतंय, मगे काय फुलां तोलू?" तो हात जोडतो, तू ऐकत नाहीस, मी हसते आहे, रस्त्यावरची माणसं थांबली आहेत. शेवटी त्याने बायकोला हाक मारून आतनं गुळाचा खडा मागवला. "आ घे, यानी बघ, पण ते झाक." मग तू गूळ डाव्या पारड्यात ठेवलास, मापं उजव्या. दांडी सरळ झाली. मग उलटं केलंस, गूळ उजवीकडे, मापं डावीकडे. तरी सरळ. मग सगळं काढून पुन्हा ठेवलंस, तेवढंच उत्तर येतं का बघायला. तो कंटाळून पुस्तक वाचायला लागला तरी तुझं चाललेलंच. आणि तेव्हा तू मला काटा धरायला दिलास. माझा हात वर, पारडी खाली, दांडी काडीभर हलली नाही. तू म्हणालीस, "तुझो हात हलणा नाय. तू धर काटो." मला त्या वेळी जे वाटलं ते मला लग्नात वाटलं नाही. येताना त्या माणसाने गूळ परत घेतला नाही, बांगड्याचा हात लागला म्हणून. तो गूळ तू पदराच्या टोकाला बांधलास. मी वाट बघते आहे, आता तोडशील, आता देशील. घरी आल्यावर तू गाठ सोडलीस आणि अख्खा खडा धाकटीच्या हातावर ठेवलास. "घरात एकटी होती पोर." उन्हातनं चालले मी, काटा धरला मी, आणि गूळ तिला. मी म्हणते, अर्धा तरी.

असू दे. पण मग वर्षानुवर्षं बाजारात काटा मीच धरला ना? तू मासे काढायचीस, मी दांडी धरायची, खानावळवाला बघायचा आणि काही बोलायचा नाही. शेर गेले, किलो आले, मापं बदलली, काटा तोच राहिला, हातही तोच. धाकटी शाळेत. तिची सातवी झाली, माझी दुसरी. ती घरी पुस्तक मोठ्याने वाचायची आणि तू मासे साफ करता करता ऐकायचीस, हात थांबवून. माझ्यासाठी तुझा हात कधी थांबला नाही. पुढे मी इथेच, मुलुंडातच दिली गेले, रोज तुझ्या शेजारी बसत राहिले. ती अंधेरीला गेली, हापिसात कारकुनी करणारा नवरा, खिडकीला पडदे. तरी मी मनाला सांगायचे, पडदे घे गं बाई तुझे, काटा माझ्याकडे येणार आहे.

आणि मग तुझं ते शेवटचं आजारपण. धाकटी सातव्या महिन्यात, तुला बघायला म्हणून आलेली. तुला उठवत नव्हतं, खाट आम्ही चुलीच्या खोलीतच ओढली होती. त्या सकाळीच तू माळ्यावरच्या वस्तूंचं बोलत होतीस, हा हंडा कुणाला, ती परात कुणाला, काट्याचं तेवढं बोलली नव्हतीस. दुपारी मी पेडव्यांचं तिखलं केलं होतं, आम्ही दोघी जेवायला बसलो, तू डोळे मिटून पडलेली. एकदम डोळे उघडलेस आणि मला म्हणालीस, "तिका काटो काढून दी."

माझा घास तोंडात फिरेना. एवढंच म्हणालीस आणि पुन्हा डोळे मिटलेस. मी हात धुतला, स्टूल घेतलं, माळ्यावरनं काटा काढला, पारडी एकमेकांवर आपटून वाजली, आणि तो मी तिच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, "घे. तुझा." ती माझ्याकडे बघत राहिली, बोटं ताटात तशीच. मी बाहेर गॅलरीत जाऊन बसले. माझे पेडवे ताटात गार झाले. त्यानंतर तू थोडेच दिवस होतीस, आणि मी तुझं सगळं केलं, आये, हागणंमुतणं केलं, पण तोंडाने तुझ्याशी चार शब्द धड बोलले नाही. बोलायला लागले असते तर विचारलं असतं ना, का म्हणून.

आणि त्या काट्याचं तिने काय केलं माहीत आहे? रद्दी तोलली! तिच्या सासूला संशय, रद्दीवाला फसवतो. म्हणून रद्दीवाला यायच्या आधी घरी पेपर तोलून ठेवायचे, तुझ्या काट्यावर. मी एकदा गेले होते बारशाला, डोळ्यांनी बघितलं. ज्या पारड्यात खानावळीची सुरमई, त्या पारड्यात शिळे पेपर. मी तिथे पेढासुद्धा खाल्ला नाही. म्हटलं दाढ दुखते.

तर आज. चहा झाला, बिस्किटं झाली, तिने नातीच्या गालावरनं बोटं फिरवून कानशिलावर मोडली, माझ्या नातीच्या गालावरनं, आणि मग सुनेला म्हणाली, "सोड गं ते." लुगडं सुटलं. लुगडं तुझंच होतं, जांभळ्या काठाचं. आणि आत काटा. आये, काय झळकत होता! चिंच लावून घासलेला, पारड्यात तोंड दिसेल असा. नात तर ओरडलीच, "मावशीआजी! काय भारी आहे! हा मला?" धाकटी म्हणाली, "तुलाच. ओट्याचा काटा ओट्यावर जाऊ दे." आणि नातीने तिला मिठी मारली. मला नाही. मी पाच पावलांवर उभी, पण मिठी तिला. मी म्हटलं, "आण इकडे."

घेतला हातात. रिकामा. वर धरला. तुझ्यासारखी उभी राहिले. दांडी डावीकडे उतरली. मी म्हटलं, वारा असेल, पंखा बंद करा. पंखा बंद केला. तरी उतरली. बारीक बघितलं तर एका बाजूची साखळी तुझी नव्हतीच. धाकटी म्हणाली, "ती तुटली होती गं अक्का, ह्यांनी दुसरी लावून आणली, चांगली मजबूत आहे." मजबूत म्हणजे जड. आणि दांडी मधे वाकलेली. तिचा मुलगा लहानपणी तो दाराला टांगून पारड्यात पाय देऊन झोके घ्यायचा म्हणे! सून हसते आहे, "मला आत्ता कळतंय, हे अजून बसले की खुर्चीचे पाय का वाकवतात ते." नात विचारते, "म्हणजे आजी, वाट लागली याची?" मी म्हटलं, "लागली." आये, मला आनंद झाला. मी खोटं बोलणार नाही तुझ्याशी. पहिल्यांदा आनंद झाला, की बघ, दिलास ना तिला, बघ काय केलं तिने. मग त्या वाकलेल्या दांडीवर माझा अंगठा बसला, जुन्या जागेवर, तिथे पितळ अजून गुळगुळीत आहे, आणि तो आनंद काही टिकला नाही.

धाकटी जरा ओशाळली. तिचं तोंड ओशाळलं की अजून लहान दिसतं, तेही मला आवडत नाही. म्हणाली, "मला काय कळतंय गं काट्यातलं? मी काय मागितला होता का? मी तर पेडवे खात बसले होते." तर तिची सून विचारते, "मग आला कसा तुमच्याकडे?" आणि धाकटी सांगायला लागली. तुला माहीत आहे ना ती कशी सांगते, शाळेत धडा म्हणायची तसं, हात करून. "अगं, मी पोटुशी होते. लहानपणी माझ्या घशात एकदा काटा अडकला होता, आईने मला उलटी धरून पाठ बडवली होती, तेव्हापासून मी काट्याच्या माशाला भ्यायचे. आणि त्या दिवशी पेडवे, म्हणजे मासा कमी आणि काटे जास्त. मी नुसती चिवडत होते. आईने खाटेवरनं बघितलं आणि अक्काला म्हणाली, तिका काटो काढून दी. आणि ही अक्का! हिने ते ऐकलंच नाही. हिच्या मनात भलतंच चाललेलं. उठली, स्टुलावर चढली, आणि आपला तोलायचा काटा आणून माझ्यापुढे ठेवला. घे म्हणाली, तुझा. मी थक्क. मग आईनेच खाटेवरनं हात लांबवला, माझं ताट जवळ घेतलं आणि पेडवे निवडून दिले मला. हात थरथरत होता, तरी एक काटा राहू दिला नाही."

आये, मी भिंतीला टेकले. माशाचा काटा. तू माशाचा काटा म्हणालीस आणि मला तोलायचा ऐकू आला. इतकी वर्षं मी तुझ्यावर जो राग धरला तो एका पेडव्यावरून! मला वाटलं मी आता हसेन किंवा ओरडेन, पण धाकटीचं संपलं नव्हतं. ती म्हणाली, "अक्का बाहेर गेली, आणि आई मला म्हणाली, बघितलंस? माझ्या थोरल्या चेडवान आपलो काटो तुका दिलो. मी तिच्यासाठीच ठेवलेलो. मन मोठा आसा गो तिचा, माझ्यापेक्षा मोठा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सुनेने डोळ्याला पदर लावला. नात उठली आणि आता मला मिठी मारली, जोरात, "आजी! तू तुझा काटा देऊन टाकलास? आणि कधी बोललीसुद्धा नाहीस? काय गं तू!" तिच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता. मी म्हणाले, "असू दे गं. बहीण आहे ती माझी."

आता बघ कसं आहे. काटा माझा होता. तू माझ्यासाठी ठेवला होतास, हे तू बोललीस, तुझ्या तोंडाने. मला आज नाचायला हवं. पण बोललीस कुणाजवळ? तिच्याजवळ. म्हणजे तो शब्दही तिच्याकडेच गेला, आणि तिने तो काट्याबरोबर एवढी वर्षं ठेवला, आणि रद्दीसारखा आज सहज काढून दिला. मी बाहेर गॅलरीत बसले होते गं, मधे एक दार. जरा मोठ्याने बोलली असतीस तर काय झालं असतं? आणि पेडवे. तुला स्वतःच्या तोंडात पाणी घालता येत नव्हतं, मी चमच्याने घालत होते, आणि तू हात लांबवून तिचे पेडवे निवडलेस. मला लहानपणी काय सांगायचीस? "जिभेन सोध. जीभ कित्याक दिली हा देवान?" मी सोधले. माझी जीभ एवढी हुशार झाली की मी आजही बोलता बोलता पेडवे खाते आणि काटे मांजरासारखे बाजूला काढते, सगळे कौतुक करतात. पण त्या काट्यापेक्षा, त्या पितळी काट्यापेक्षा गं, तू एकदा माझ्या ताटातला एक मासा निवडून दिला असतास तर मी तो काटा हसत हसत अंधेरीला पोहोचवून आले असते.

मग नव्या काट्यावरून जुंपली. धाकटीची सून म्हणते, कमानीचा घ्या, तोंडावर घड्याळासारखी तबकडी असते, काटा फिरतो, आमच्या बाजारात सगळ्यांकडे तोच, हुकाला लावला की झालं. धाकटी म्हणते, दिसायलाही बरा. मी म्हटलं, दिसायला काय, मासे विकायचे की टीव्हीवर दाखवायचे? खारं पाणी लागलं की ती कमान वर्षभरात मान टाकते. नात एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. आणि मग म्हणते, "आजी, तुझे गुडघे दुखतात, तू नको येऊस. मी मावशीआजीबरोबर दुकानात जाऊन बघून येते." बघ! आत्ता मिठी मारली होती. मी मोरीत जाऊन भांडी घासायला बसले, उगाच नळ मोठा सोडला. तर धाकटीचा आवाज आला, "छे छे, अक्काशिवाय कसला काटा घेणार तुम्ही? आईने तिला शिकवलंय, मला नाही. मी त्या दुकानात कधी गेलेच नाही. मला तर कुणी नेलंच नाही." ते शेवटचं ती हळू बोलली. नळ मोठा होता, तरी मला ऐकू आलं. भांडं हातात तसंच राहिलं. ती घरात बसून गूळ खात होती तेव्हा तिला काय वाटत होतं, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता, आणि आत्ताही यायला नको होता, कारण मला तिचा राग धरायला आता जागा कमी राहिली. मोठ्या मनाची म्हणे मी. मोठं मन तिचंच निघालं, आणि मला तेही सहन होत नाही.

मी ओल्या हाताने बाहेर आले आणि नातीला सांगितलं, रिकामा आधी धरायचा, मग बाजू बदलून तोलायचा, मग पुन्हा तोलायचा. पारड्याला भोकं असलेला बघायचा, म्हणजे पाणी गळून जातं आणि लोक नुसत्या माशाचे पैसे देतात. साखळी दोन्हीकडे एकाच जातीची. तिने टायपिंगच्या कागदाच्या मागे लिहून घेतलं, त्याच कागदांवर मी आता हे लिहिते आहे, पलीकडून अक्षरं दिसतात, ए एस डी एफ का काय ते. नात दोनदा विचारून गेली, आजी, कुणाला लिहितेस? म्हटलं, तुझ्या बापाच्या मामाला गावी. हे काही मी कुणाकडे धाडणार नाही. धाकटीला तर मुळीच दाखवणार नाही, ती ऱ्हस्वदीर्घ काढत बसेल.

आणि दुसरंही कारण आहे. मी त्यांना खरं सांगितलं नाही, आये. काटा मी मोठ्या मनाने दिला नाही, तुझं ऐकून, दात खाऊन दिला, हे मी बोलले नाही. बोलणारही नाही. नातीला तशी आजी आवडली आहे, आणि तू तर तेच समजून गेलीस. तर तसंच राहू दे. तुला मात्र खोटं मोजून देववत नाही, म्हणून लिहिलं.

जाताना धाकटी जिन्यात थांबली, माझा हात धरला, म्हणाली, "येऊ ना गं मी? आपण तिघीचौघी जाऊ काटा बघायला." मी म्हटलं, "तुझं घर आहे, विचारतेस काय." येत्या सोमवारी येते म्हणाली आहे, सुनेला घेऊन. श्रावणी सोमवार, म्हणजे दोघींचा उपास, साबुदाणा मलाच भिजवावा लागणार.